भंतेजी अर्थशास्त्र शिकतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या एका कॉलेजात मी बत्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर पाथर्डी फाट्याकडच्या एका विहारात जाऊ लागले. तिथे एका रविवारी धम्मदेसना संपल्यावर एका तरुण भंतेजींनी विचारलं, "ताई, मागणी आणि तृष्णा यांत फरक काय?" मला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. पुढे त्याच भंतेजींनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, मग अर्थशास्त्रात एम.ए., मग प्राध्यापक होण्यासाठी लागणारी नेट परीक्षा. आता ते ग्रामपंचायतींच्या कारभारावर पीएच.डी. करताहेत. त्यांच्यामागून आणखी तीन भिक्खू या वाटेला लागले आहेत. तेव्हापासून विहारात, लग्नाघरी, एकदा तर सीबीएसवर बसची वाट बघत असताना लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते.

ज्याने घर सोडलं, त्याला पैशाचं शास्त्र कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा प्रेमापोटीच येतो. भंतेजी संसाराच्या चिखलात पुन्हा ओढले जातील अशी लोकांना काळजी वाटते.

पण तथागतांनी गृहस्थांशी पैशाबद्दल बोलायचं कधी टाळलं नाही. सिगालोवाद सुत्तात ते कमाईचे चार वाटे सांगतात: एक उपभोगाला, दोन धंद्याला, एक अडीअडचणीला राखून. दीघजाणूला ते जमाखर्च तराजूसारखा तोलायला सांगतात. अंगुत्तर निकायात तर स्पष्ट म्हटलं आहे, की संसारी माणसाला दारिद्र्य हे दुःख आहे आणि कर्ज काढणं हेही दुःख आहे. ज्या जिल्ह्यात कांद्याचा भाव पडला की घराघरात चूल मंदावते, तिथे हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

कूटदंत सुत्त मी माझ्या वर्गातही सांगायची. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढलेत, राजा मोठा यज्ञ करायला निघालाय. पुरोहित त्याला अडवतो. म्हणतो, कर वाढवून किंवा फाशी देऊन हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणं आणि वैरण द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकरदाराला वेतन द्या. लोक आपापल्या कामाला लागले की चोऱ्या आपोआप थांबतील. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात हीच साखळी उलट्या बाजूने येते. राजाने निर्धनांना धन दिलं नाही, त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. हे ज्याला रोज पाठ करायचं आहे, त्याने अर्थशास्त्र शिकू नये असं मला तरी म्हणवत नाही.

आणि बाबासाहेब? कोलंबियात १९१५ ला अर्थशास्त्रात एम.ए., १९२३ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी., तीही रुपयाच्या प्रश्नावर. ज्यांनी आपल्याला धम्म दिला, ते आधी अर्थशास्त्रज्ञ होते.

संघाचा अर्थव्यवहाराशी जुना संबंध आहे का? की हे आजचं खूळ?

याचं उत्तर पुस्तकात शोधायची गरज नाही. त्रिरश्मी लेण्यांच्या, म्हणजे आपण पांडवलेणी म्हणतो त्या डोंगराच्या पायऱ्या चढा आणि लेणे क्रमांक १० च्या ओसरीत उभे राहा.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा तिथे लेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे कधीही न मोडायची ठेव. ही रक्कम त्याने भिक्खूंच्या हातात दिली नाही, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे ठेवली. २००० एका श्रेणीकडे, शेकडा दरमहा एक दराने. १००० दुसरीकडे, शेकडा दरमहा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

आमच्या भंतेजींना मी पहिल्यांदा तिथे घेऊन गेले तेव्हा ते ब्राह्मी अक्षरांवरून, दगडाला न लावता, हवेतच बोट फिरवत वाचत होते. मधेच थांबले, झोळीतून वही काढली आणि खाली बसून हिशेब मांडला. २००० वर शेकडा एक, म्हणजे महिन्याला २०. वर्षाला २४०. आणि लेखात पुढे लिहिलंय की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर एका जागी राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. वीस गुणिले बारा, २४०. एक कार्षापण इकडेतिकडे नाही. त्यांनी वही माझ्यापुढे धरली तेव्हा त्यांचा चेहरा गणित सुटलेल्या सातवीतल्या मुलासारखा झाला होता. उरलेल्या १००० चे वर्षाला ९० होतात, ते इतर खर्चाला.

लेखातली पुढची एक ओळ मला त्याहून मोलाची वाटते. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे दफ्तरात नोंदवलं, असं तिथे कोरलं आहे. म्हणजे ठेव, व्याजदर, लाभार्थी, जाहीर वाचन आणि नोंद, सगळं आलं. आजच्या किती विश्वस्त संस्था इतकं करतात?

लेणे क्रमांक ३ मध्ये तर प्रशासनाचा अख्खा धडा आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या अमात्याला हुकूम पाठवून पश्चिम काखडी गावातलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत संघाला दिलं. सोबत सवलतीही दिल्या: राजाच्या माणसांनी त्यात शिरायचं नाही, मीठ खणायचं नाही. पुढे काही वर्षांनी दुसरा हुकूम निघाला. गावात वस्ती नाही, शेत कसलं जात नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तनं द्यावीत. कागदावर दिलेलं दान जमिनीवर पोचलं नाही, ते कुणीतरी तपासलं आणि दुरुस्त केलं. योजनेची अंमलबजावणी शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही, आणि ते आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

हाच काळ नाण्यांतूनही दिसतो. १९०६ साली आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. नाणी नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. राज्य बदललं, चांदी तीच राहिली.

भिक्खू पैसे हाताळत नाहीत. मग फी, पुस्तकं, बसभाडं?

विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, सोनं-रुपं स्वीकारायला मनाई आहे, खरेदी-विक्रीलाही आहे. हा वाद नवा नाही. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या महासभेत, ज्या दहा गोष्टींवरून भांडण पेटलं, त्यांत सोनं-चांदी घेणं ही एक होती.

पण विनयानेच वाटही दिली आहे: कप्पियकारक, म्हणजे भिक्खूच्या गरजेचा व्यवहार सांभाळणारा गृहस्थ. दात्याने रक्कम त्याच्याकडे द्यायची, भिक्खूने फक्त वस्तू मागायची. आमच्या भंतेजींची कप्पियकारक मी आहे. परीक्षा फी मी भरते, बसचा पास मी काढते, आणि दर पौर्णिमेला खर्चाची वही विहारात वाचून दाखवते. सगळे भिक्खू हा नियम सारख्याच काटेकोरपणे पाळतात असं नाही. मोबाईलवरून पैसे पाठवायच्या काळात तर प्रत्येक विहाराने आपापली तडजोड केली आहे. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण नियम पाळायचा असेल तर शिक्षण अडत नाही, एवढं अनुभवाने सांगते.

नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्याच शहरात नोटेला हात न लावणारा माणूस चलनविषयक धोरणाचा पेपर लिहितो, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

प्रवेश कुठे घ्यावा?

फिरतीवर असणाऱ्या भिक्खूला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सोयीचं पडतं. १९८९ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आपल्याकडेच आहे, गंगापूर धरणाजवळ, गोवर्धनच्या बाजूला. शिलालेखातलं गोवर्धन ते हेच, असं मानलं जातं. भंतेजी प्रवेशाला गेले तेव्हा वाटेतली पाटी वाचून रिक्षावाल्याला थांबायला सांगून बघत राहिले होते.

रोज वर्गात बसणं जमत असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज घ्या. अर्थशास्त्र एकट्याने वाचून येतं, पण चर्चेशिवाय पक्कं होत नाही. पुण्यात राहायची सोय झाली तर गोखले इन्स्टिट्यूटचाही विचार करा, १९३० पासूनची संस्था आहे. कोणते विषय सुरू आहेत हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

अर्जावर नाव कोणतं लिहायचं?

इथे सगळ्यात जास्त भिक्खू अडतात, म्हणून सविस्तर सांगते.

प्रव्रज्येनंतर, म्हणजे घर सोडून संघात आल्यावर, नाव बदलतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर जुनं नाव, आधारवर कधी जुनं कधी नवं, आणि विहारात सगळे धम्मनामानेच हाक मारतात. भंतेजींचा पहिला अर्ज एका कार्यालयातून तीनदा परत आला. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "आडनाव?" भंतेजी म्हणाले, "नाही." "वडिलांचं नाव?" त्यांनी सांगितलं. "मग आडनाव कसं नाही?" मागे रांग वाढत होती. भंतेजी शांतपणे बाजूला झाले आणि रांग संपेपर्यंत भिंतीशी उभे राहिले. सव्वादोन तास. मी सोबत होते. माझाच राग आवरत नव्हता.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेत करायला हवा. दोन वाटा आहेत. एक, शिक्षणापुरतं सगळीकडे जुनंच नाव ठेवायचं आणि धम्मनाम संघापुरतं. दोन, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करायचा आणि मग आधार, बँक, विद्यापीठ या सगळीकडे एकच नाव करून घ्यायचं. पीएच.डी.पर्यंत जायचं असेल तर दुसरी वाट धरा. प्रबंधावर आणि शोधनिबंधांवर जे नाव जाईल तेच आयुष्यभर राहतं. जातीच्या दाखल्याचं काम असेल तर नाव बदलण्याआधी तो काढून ठेवा.

पेपर अकरा ते दोन असेल तर जेवणाचं काय?

बारानंतर घन आहार नाही, हा नियम. त्यामुळे त्या दिवशी साडेनऊ-दहालाच भोजनदान करावं. आमच्या विहारात परीक्षेच्या आठवड्यात पाळी लावतो. दोन पोळ्या, वरण-भात, आणि सुस्ती येईल असं काही नाही.

वर्षावासात वर्ग किंवा परीक्षा आली तर?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एका ठिकाणी राहायचं असतं. निकडीच्या कामासाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जायची मुभा विनयात आहे, पण परीक्षेला ती लागू होते की नाही यावर ज्येष्ठ भंतेंमध्ये मतभेद होतात. वाद टाळायचा तर परीक्षा केंद्र जिथे आहे त्याच शहरात वर्षावास करावा.

गणित कच्चं आहे. जमेल?

जमेल. पहिलं वर्ष जड जातं. संख्याशास्त्रासाठी आठवीपासूनची पुस्तकं पुन्हा काढावी लागली तरी लाजू नका. ज्याला अभिधम्मातली चित्तांची वर्गवारी पाठ आहे, त्याला सारणी वाचायची सवय असतेच.

उलट काही संकल्पना भिक्खूंना माझ्या इतर विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळल्या. तो पहिला प्रश्न, मागणी आणि तृष्णेचा, भंतेजींनी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी स्वतःच सोडवून आणला: "ताई, मागणीला ऐपत लागते. तृष्णेला लागत नाही." मी इतकी वर्षं मागणीची व्याख्या फळ्यावर लिहीत आले, ती मला त्या दिवशी नव्याने ऐकू आली.

अर्थशास्त्र समजलं. पण शासनव्यवहाराशी भिक्खूचा काय संबंध?

संघ स्वतःच एक शासनव्यवस्था आहे. ठराव मांडायचा म्हणजे ञत्ती. महत्त्वाच्या कर्माला, म्हणजे संघाच्या औपचारिक कामाला, ठराव एकदा मांडून तीनदा वाचायचा, सगळे मौन राहिले तर संमती. एकमत झालं नाही तर शलाका, म्हणजे मतदानाच्या काड्या, वाटून बहुमत घ्यायचं, आणि शलाका वाटणारा माणूस आधी निवडायचा, जो पक्षपात करणार नाही. आजारी भिक्खूने आपली संमती दुसऱ्याकरवी कळवायची. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधान सभेला हेच सांगितलं होतं, की संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत, भिक्खुसंघ ते पाळत होता.

भंतेजींचा प्रबंध यातूनच निघाला. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. त्यामुळे काही गावांत पहिली सभा फक्त तहकूब करण्यापुरती होते. विनयात चार, पाच, दहा, वीस अशी कर्मानुसार गणपूर्ती ठरलेली आहे, आणि ती भरली नाही तर कर्म होतच नाही. पुन्हा बोलावलं म्हणून सूट नाही. सूट नसली की लोक येतात की काम अडतं, हा त्यांचा संशोधनाचा प्रश्न आहे. उत्तर काय येईल ते तेच शोधतील, पण प्रश्न अस्सल आहे आणि तो चिवर घातलेल्या माणसालाच सुचू शकला असता असं मला वाटतं.

गावात सर्वेक्षणाला गेले की सरपंच आधी पाया पडतात आणि मग खरे आकडे सांगायला बिचकतात. म्हणून भंतेजी पहिल्या भेटीत प्रश्नावली काढतच नाहीत. १५ व्या वित्त आयोगाचे पैसे किती आले, त्यांतले पाणी-स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेले साठ टक्के कुठे गेले, हे तिसऱ्या भेटीत विचारतात.

नेट-सेटचं काय?

नेटमध्ये अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, लोकप्रशासन हे स्वतंत्र विषय आहेत. बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अभ्यास असाही एक विषय आहे आणि पुष्कळ जण भिक्खूंना तिकडेच ढकलतात. ज्याला अर्थशास्त्र शिकवायचंय त्याने अर्थशास्त्रातच नेट द्यावी.

शिष्यवृत्ती किंवा पगार घेतला तर चालतो का?

कायद्याने अडचण नाही. कनिष्ठ संशोधनवृत्ती (जेआरएफ) २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. विनयाच्या बाजूने विचाराल तर माझं मत असं: रक्कम खात्यात आली तरी तिच्यावर स्वतःची मालकी मानू नये. आमच्याकडे ती विश्वस्तांकडे वळते आणि खर्च कप्पियकारक करतो. भिक्खू विद्यापीठात अधिकारपदावर जाऊ शकत नाही असं मात्र समजू नका. श्रीलंकेत वालपोल राहुल १९६६ साली विद्योदय विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्याकडे भिक्खू जगदीश काश्यप यांनी १९५१ मध्ये नवनालंदा महाविहार उभा केला.

शासनव्यवहार शिकून भंतेजी निवडणुकीला उभे राहणार का?

आमचे भंतेजी नाही. पण देशोदेशी रीत वेगळी आहे. थायलंडमध्ये भिक्खूंना मतदानच करता येत नाही. भूतानमध्येही धर्मगुरूंना राजकारणापासून दूर ठेवलं आहे. भारतात भिक्खू मत देतो आणि उभाही राहू शकतो. सिक्कीम विधानसभेत तर संघाची एक स्वतंत्र जागा आहे, तिथे फक्त भिक्खू-भिक्खुणी मतदार असतात. लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे १९६७ ते १९७७ लोकसभेत होते. त्याआधी १९५२ साली जम्मू-काश्मीर विधानसभेत ते अर्थसंकल्पावर लडाखी भाषेत बोलले होते, लडाखच्या वाट्याला काय आलं हे विचारायला.

मला स्वतःला वाटतं, भिक्खूने उमेदवार होण्यापेक्षा अर्थसंकल्प वाचून दाखवणारा व्हावं. दादासाहेब गायकवाडांच्या जिल्ह्यात भूमिहीनांच्या प्रश्नावर बोलणारी माणसं पूर्वीही होती, आजही हवी आहेत.

भिक्खुणींना ही वाट मोकळी आहे का?

विद्यापीठाकडून पूर्ण मोकळी. अडथळा आपल्या समाजाचा आहे. भिक्खूच्या फीसाठी पाच हात पुढे येतात, आर्याजींच्या फीसाठी मला दारोदार जावं लागलं. त्याच त्रिरश्मी लेण्यांत राजमाता गौतमी बलश्रीने विहार दिला, उपासिका विष्णुदत्तेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. बायकांनी संघाला दिलेलं दगडावर कोरलेलं असताना संघातल्या बाईला फी मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

भंतेजी अभ्यासात गुंतले की पूजापाठाला मिळत नाहीत.

खरं आहे. परीक्षेच्या महिनाभर आधीपासून गृहप्रवेश आणि वाढदिवसाची निमंत्रणं त्यांना देऊ नका. परित्राण पाठ दुसरे भंतेही करतात. अंत्यविधीला मात्र ते आजवर एकदाही नाही म्हणालेले नाहीत, पेपरच्या आदल्या रात्रीसुद्धा.

मला मदत करायची आहे. काय देऊ?

चिवरं पुरेशी आहेत, खरंच. आमच्या विहाराच्या कपाटात कठिन चिवरदानाची (वर्षावासानंतर होणाऱ्या वस्त्रदानाची) अठ्ठावीस चिवरं घडी करून ठेवली आहेत. लागतं ते वेगळं: झेरॉक्सचं बिल, वापरलेली पण चालू अवस्थेतली पाठ्यपुस्तकं, गावोगाव सर्वेक्षणाला जाताना दुचाकीवरून सोडणारं कुणी, आणि इंग्रजीतले शोधनिबंध संध्याकाळी तासभर बसून सोबत वाचणारं कुणी. कॉलेजात शिकवत असाल तर तो एक तास पैशांपेक्षा मोठा आहे.

पैसेच द्यायचे असतील तर पाकीट भंतेजींच्या हातात देऊ नका, पायाशीही ठेवू नका. विश्वस्तांकडे द्या, पावती घ्या आणि पावतीवर "शिक्षणासाठी" असं लिहून घ्या. पुढच्या पौर्णिमेला वही वाचली जाईल तेव्हा या, तुमचं नाव आणि रक्कम सगळ्यांसमोर वाचून दाखवू.